विश्लेषण : ई-पेपरची ‘पीडीएफ’ फॉरवर्ड करणे महागात का पडू शकते?

रोज सकाळी अनेक व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि टेलिग्राम वाहिन्यांवर वृत्तपत्राच्या पूर्ण अंकाची पीडीएफ येते. पाठवणाऱ्याला ती समाजसेवा वाटते, वाचणाऱ्याला सोय. पण प्रकाशकाची परवानगी नसेल तर ती पायरसीच ठरते.

हा प्रकार कधी वाढला?

२०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी छापील अंक घरी पोहोचेनात. महाराष्ट्रातही एप्रिलमध्ये घरपोच वितरणावर निर्बंध आले. वाचक ई-पेपरकडे वळले आणि त्याच्या प्रतीही फिरू लागल्या. मे २०२० मध्ये ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अशा वाहिन्या ४८ तासांत हटवण्याचा आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा अंतरिम आदेश दिला.

कायदा काय सांगतो?

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. बातमीतील माहितीवर मात्र कुणाची मक्तेदारी नसते. ती स्वतःच्या शब्दांत सांगता येते, बातमीची लिंकही पाठवता येते.

वृत्तपत्रांना फटका कसा बसतो?

‘ईवाय’ आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडियाच्या अहवालानुसार, २०२३ मध्ये देशातील पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी रुपये होती. ही रक्कम चित्रपटगृहे आणि ओटीटी आशयाची आहे, वृत्तपत्रांचा हिशेब त्यात नाही. चित्रपटाची चोरी आठवड्याने रोखली तरी पुढची काही कमाई वाचते. आजचा अंक मात्र उद्या रद्दी होतो. ४८ तासांत कारवाई झाली तरी दोन अंक हातचे गेलेले असतात. शिवाय फॉरवर्ड झालेली पीडीएफ किती जणांनी उघडली, याची नोंद प्रकाशकाकडे होत नाही. म्हणजे वर्गणी बुडते आणि जाहिरातदाराला दाखवायला वाचकही उरत नाही.

वाचकाचे काय नुकसान?

दिल्ली-मुंबईच्या बातम्या दहा ठिकाणी मिळतात. पण बाजार समितीतील गैरव्यवहार किंवा तालुक्याच्या रुग्णालयातील औषधटंचाई शोधायला तिथे वार्ताहर असावा लागतो. उत्पन्न आटले की पहिली कात्री अशाच जागांना लागते. त्या बातम्या मग कोणत्याच पीडीएफमध्ये सापडत नाहीत.