५८ च्या पुढे

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता वेळच वेळ असलेल्या माणसाला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही!

आम्हा शिक्षकांचं निवृत्तीचं वय ५८. गंमत बघा, महर्षी कर्व्यांचा जन्म १८५८ चा आणि महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ साली. म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षीच! महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड १९६२ साली पुरा झाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. तेव्हा वय झालं की डोकं चालत नाही, हे काही खरं नाही.

पण म्हणून आम्हाला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवा, असंही मी म्हणणार नाही. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर नेमायचं ठरवलं. वयाची मर्यादा ७०. मित्रमंडळी खूश झाली. मला मात्र माझा एक जुना विद्यार्थी आठवला. डी.एड. होऊन कित्येक वर्षं झाली, कायम नोकरी नाही. रस्त्यात भेटला की अजून वाकून नमस्कार करतो. मला पेन्शन आहे. त्याच्या ताटातली भाकरी मी कशी उचलू?

मग आम्ही करायचं काय? जे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही, ते. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला शेजारी बसवून वाचून घ्यायला शिक्षकाला वेळ कुठला? आमच्याकडे तोच तर आहे. संध्याकाळी तीन मुलं माझ्याकडे वाचायला येतात. जोडाक्षरांना अडतात, पण येतात.

अर्थात हे पेन्शनवाल्यांचं झालं. आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांना निवृत्ती कोणी दिलीच नाही. त्यांना 'समाजसेवा करा' म्हणणं ही थट्टाच. त्यांना हवी बसायला हक्काची सावली, सावकाराकडे जावं लागू नये इतकं भांडवल, आणि गुडघे दुखतील त्या दिवशी घरी राहिलं तरी चूल पेटेल एवढं निवृत्तिवेतन.

ज्येष्ठांना कामाला लावा म्हणताना, नेमक्या कुठल्या ज्येष्ठांना, हे आधी विचारायला हवं. नाही का?