घरच्या बोलीचा गुन्हा

२९ जून २०२५ रोजी राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे आपले दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. सहा वर्षांच्या बालकावर अनोळखी भाषेचे ओझे लादू नये, या तत्त्वासाठी महाराष्ट्राने आवाज उठविला आणि सरकारला तो ऐकावा लागला. तत्त्व योग्यच होते. परंतु जे तत्त्व मुंबई-पुण्याच्या मुलाला लागू, ते नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, बागलाणच्या मुलाला लागू नाही काय? त्याच्या घरी कोकणा बोलली जाते, किंवा अहिराणी. पाठ्यपुस्तकातील मराठी ही त्याला बऱ्याच अंशी नवीच भाषा असते. तिला आपण त्याची मातृभाषा म्हणतो, आणि तिच्यात तो अडखळला की त्याला मठ्ठ ठरवितो.

हा केवळ सहानुभूतीचा प्रश्न नाही. तो शास्त्राचा प्रश्न आहे. १९५७ साली नोम चॉम्स्की यांचे वाक्यरचनेवरील छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हापासून बालक भाषा कशी आत्मसात करते, यावर जगभरच्या विद्यापीठांत प्रबंध लिहिले जात आहेत. चॉम्स्की यांच्या उपपत्तीविषयी तीव्र मतभेद आहेत. तथापि दोन गोष्टी सर्व पंथांना मान्य आहेत. कोणत्याही जातीचे, कोणत्याही वर्गाचे मूल पाचव्या वर्षाच्या सुमारास घरच्या भाषेचे मूलभूत व्याकरण आत्मसात करते. आणि नियमांवाचून चालणारी बोली जगात नाही.

अहिराणीचेच उदाहरण घ्या. पुस्तकी मराठीत मुलगा ‘मी करतो’ म्हणतो, मुलगी ‘मी करते’ म्हणते. अहिराणीत दोघेही ‘मी करस’ म्हणतात. ‘माझा भाऊ, माझी बहीण’ याऐवजी ‘मना भाऊ, मनी बहीन’ येते. हा गावंढळपणा नव्हे. हे काटेकोर नियम आहेत. ‘डोळा’ या शब्दातील ‘ळ’ अहिराणीत ‘य’ होतो आणि ‘डोया’ असा उच्चार होतो. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने खानदेशीला मराठीच्या खंडात जागा दिली नव्हती. २०११ च्या जनगणनेनेही खानदेशी मराठीहून वेगळी मोजली आणि तिचे भाषक अठरा लाखांहून अधिक भरले. जनगणना जिला स्वतंत्र भाषा म्हणते, तिला शाळेच्या वहीत लाल रेघ मिळते.

या रेघेचे परिणाम काय होतात? पुस्तकातील ‘डोळा’ हा शब्द मुलाने ‘डोया’ असा वाचला, तर वस्तुतः त्याने अक्षरे ओळखली, अर्थ जाणला आणि तो आपल्या उच्चारात सांगितला. त्याला वाचता आले! शिक्षक मात्र चूक धरतात. अशा शंभर दुरुस्त्यांनंतर मूल तोंड मिटते आणि मग शाळाही सोडते. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत हेच घडत होते. विल्यम लबॉव्ह यांनी वाचनातील चूक आणि उच्चारातील भेद या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे संशोधनाने दाखविले. १९७९ साली ॲन आर्बर येथील खटल्यात त्यांची साक्ष झाली, आणि वाचन शिकविताना मुलांच्या घरच्या बोलीची दखल घ्या, असे न्यायालयाने शाळा-प्रशासनाला बजावले.

महाराष्ट्रातही विद्वत्तेची वाण नाही. डॉ. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनी व पदरचनेवर कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली. डॉ. अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या सर्वेक्षणात ठाण्याच्या वारलीचा अभ्यास सिद्ध केला. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर प्रबंध लिहिला आणि त्या तेथेच थांबल्या नाहीत. फलटणच्या वंचित मुलांना लिहावाचायला शिकविण्याच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. प्रबंधातून शाळेकडे जाणारी ही वाट विरळाच चालली गेली. एरवी हे ज्ञान ग्रंथालयांच्या कपाटांत राहिले.

ते तेथे का राहिले, हे समाजवाद्यांना सांगावे लागू नये. प्रमाण मराठी ही आकाशातून पडलेली नाही. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आणि दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण या काळात, कंपनी सरकारच्या गरजेतून आणि पंडितांच्या हातून तिला आकार आला. ज्यांच्या घरची भाषा तिच्याजवळची, त्यांची मुले शाळेत शर्यत अर्धी जिंकूनच येतात. याला गुणवत्ता म्हणणे ही जातीची आणि वर्गाची फसवणूक आहे.

‘मग आदिवासींना बोलीतच कोंडून ठेवणार काय?’ असा प्रश्न अनेक पालक विचारतात. तो रास्त आहे, कारण संरक्षणाच्या नावाखाली मागे ठेवले गेल्याचा अनुभव त्यांना आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे. प्रमाण मराठीवर आणि इंग्रजीवरही त्या मुलाचा पुरेपूर हक्क आहे. वाद मुक्कामाचा नाही, वाटेचा आहे. मूल दुसरी भाषा सहज शिकते. मात्र पहिल्या भाषेची लाज वाटायला लावून ती शिकविता येत नाही.

घटनेच्या ३५० अ कलमाने, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ‘शक्य तेथवर’ या पळवाटेसह, मातृभाषेतील शिक्षणाचे तत्त्व मान्य केले आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. त्याच्यासमोर आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. पहिली-दुसरीच्या वर्गांवर कोकणा किंवा अहिराणी जाणणारे शिक्षक द्या. वाचनचाचणीत घरचा उच्चार चूक धरू नका. या बोली बोलणाऱ्या तरुण-तरुणींना त्यांवर डॉक्टरेट करण्यासाठी पाठ्यवृत्ती द्या, आणि त्यांच्या निष्कर्षांच्या सोप्या मराठीतील पुस्तिका प्रत्येक शिक्षकाच्या हाती पडू द्या.

कार्यकर्त्यांचे काम आयुक्तालयाच्या दारापाशी संपत नाही. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची बहुसंख्या असलेली व्यवस्थापन समिती आहे. तिच्या बैठकीत आईबापांना त्यांच्याच बोलीत बोलते केले, तर पहिली भिंत तेथेच पडेल. हिंदीच्या सक्तीविरुद्ध जे रस्त्यावर आले, त्यांनी या कामातही उतरावे. न उतरल्यास त्यांचा लढा बालकासाठी नव्हता, केवळ आपल्या भाषेच्या मानासाठी होता, असे सुरगाण्याच्या आईने म्हटले तर आपल्यापाशी उत्तर नसेल.