मासवडी आणि प्रोटीनचा डबा



टोमॅटोवरचा करपा पाहायला मध्यंतरी जुन्नरच्या पूर्व भागातल्या एका वस्तीवर गेलो होतो. प्लॉट पाहिला, औषध लिहून दिले आणि निघालो, तोच घरच्या आजींनी अडवले. "सायेब, मासवडी केलीय. जेवल्याबिगर जायचं न्हाई." जुन्नर-आंबेगावात मासवडीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बसलो.

जेवताना आजींनी फळीवरचा एक डबा आणून पुढे ठेवला. सून बाळंत होऊन चार महिने झालेले. अंगात ताकद नाही, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेला हा प्रोटीनचा डबा. "लई महाग हाय. काय असतं हो ह्यात? आपल्या घरात न्हाई असं काय?"

प्रश्न लाखमोलाचा होता, आणि उत्तर आजींच्याच परातीत होते.

प्रोटीन म्हणजे प्रथिन. प्रथिन ही मण्यांची माळ समजा. मण्यांना म्हणतात अमिनो आम्ले. मणी २० प्रकारचे. थोडेच मणी जोडले तर त्या तुकड्याला पेप्टाइड म्हणतात, लांबलचक माळ झाली की प्रथिन. आपण खाल्लेली माळ पोटात आणि आतड्यात तुटते, मणी सुटे होऊन रक्तात जातात, आणि शरीर त्यांतून आपल्याला हवी ती नवी माळ ओवते. कुठे मांस, कुठे रक्त, तर बाळंतिणीच्या अंगी बाळासाठी दूध.

यांतले ९ मणी शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांतला एक जरी कमी पडला, तरी ओवणे तिथेच अडते. उरलेले मणी साठवून ठेवायची सोय शरीरात नाही. ते जळणासारखे जळतात आणि त्यांतला नत्र युरिया होऊन लघवीवाटे जातो. होय, तुम्ही पोत्याने आणता तोच युरिया!

आता आपले धान्य पाहा. बाजरी, ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचा मणी कमी असतो. हरभरा, हुलगा, मटकी, तूर यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन नावाचा मणी कमी. तिळात मात्र मेथिओनिन चांगले असते. म्हणजे मासवडीचे वरचे आवरण हरभऱ्याच्या पिठाचे, आत भाजलेले तीळ आणि खोबरे, सोबत बाजरीची भाकरी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या आज्या-पणज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण जोडी बरोबर जमवली होती. हुलग्याची शेंगोळी आणि भाकरी, मटकीची उसळ आणि भाकरी, वरण आणि भात, ही सगळी तीच जोडी. ती एकाच घासात हवी असे नाही, दिवसभराच्या जेवणात आली तरी चालते.

एक पथ्य मात्र पाळावे. कच्च्या कडधान्यात प्रथिनाचे पचन अडवणारे काही घटक असतात. केंब्रिजहून १९३९ साली पीएच.डी. मिळवलेल्या आपल्या कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतल्या अशाच घटकांवर संशोधन केले. भिजवून, मोड आणून नीट शिजवले की त्यांचा जोर मोडतो. म्हणून उसळ अर्धीकच्ची नको.

ही जोडी शेतातही होती. बाजरीत हुलगा-मटकीचे पाटे असत. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरत. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, टोमॅटो, कांदा, ऊस आला, चार पैसे हाती आले. चांगलेच झाले. पण कडधान्य बांधाबाहेर गेले आणि घरात किलोने विकत येऊ लागले. विकतची वस्तू हात आखडूनच शिजते.

हे सगळे मी आजींना ऐटीत सांगितले आणि हात धुवायला उठलो. तेव्हा सून जेवायला बसत होती. तिच्या ताटात भाकरी होती, रस्सा होता, वडी एकच. पाहुणा म्हणून माझ्या ताटात सहा वाढल्या होत्या, आणि मी त्या सगळ्या खाल्ल्या होत्या. घरातल्या ज्या बाईला सगळ्यांत जास्त गरज, तिच्यापर्यंत पातेल्याचा तळच पोचतो. मला ओशाळे झाले.

हिशोब सोपा आहे. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन लागते, आणि अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने आणखी १७ ग्रॅम. पाव किलो बाजरीच्या पिठातून २७ ग्रॅमच्या आसपास मिळते. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम, कोरड्या मटकी-हुलग्यातून ११, मूठभर शेंगदाण्यांतून ७, दोन पेले दुधातून १२-१३. वर तिळाची चटणी, चालत असेल तर एखादे अंडे. डबा न आणताही बेरीज जमते.

मात्र अशक्तपणा रक्त कमी असल्यानेही येतो. तेव्हा दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे आणि दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

येत्या खरिपात दोन-चार गुंठे का होईना, घरच्यापुरती मटकी नाहीतर हुलगा टाका. आणि भगिनींनो, पंगत वाढण्याआधी बाळंतिणीची वाटी बाजूला काढून ठेवा. पाहुण्याला दोन वड्या कमी पडल्या तरी तो काही रुसणार नाही. निदान मी तरी नाही.