फोल्डर रिकामं दिसतंय? आधी थांबा!



रात्री वीज गेली, पहाटे आली. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून तुम्ही घरचा सर्व्हर केलाय आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर बाळाच्या बारशापासूनचे सगळे फोटो आहेत. आई टीव्हीवर फोटो लावायला जाते आणि हाक मारते, "अरे, यात तर काहीच नाही!" तुम्ही उघडून बघता. खरंच रिकामं. पोटात गोळा येतो.

फोटो बहुतेक जागेवरच असतात. विंडोजमध्ये सी, डी अशी वेगवेगळी ड्राइव्ह दिसतात. युनिक्स घराण्यात, म्हणजे लिनक्समध्येही, सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं. नवी डिस्क त्या झाडातल्या एखाद्या फोल्डरवर जोडायची, यालाच 'माउंट' म्हणतात. ही जोडणी फसली तरी फोल्डर तिथेच राहतं, फक्त रिकामं.

खरी भीती पुढेच आहे. रोज रात्री आपोआप बॅकअप होतो ना? 'मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढून टाक' असं तुम्ही आरसिंकला सांगून ठेवलं असेल, तर रिकामं फोल्डर बघून तो तुमची धडधाकट प्रतही पुसून टाकेल. म्हणून सगळ्यात आधी तो बॅकअप थांबवा. मोबाइलमधले नवे फोटोही त्या फोल्डरमध्ये टाकू नका. ते मुख्य डिस्कवर जातात आणि नंतर माउंट झालं की त्याखाली झाकले जातात. पुसले जात नाहीत, पण शोधून सापडतही नाहीत!

आता 'एलएसबीएलके' ही कमांड द्या. यादीत डिस्कच नसेल, तर सर्व्हर बंद करून वायर आणि पिन तपासा. निम्म्या वेळा भानगड तिथेच असते, असा माझा अनुभव.

डिस्क दिसते पण जोडली जात नाही? मग तिचं नाव बदललंय का बघा. काल 'एसडीबी' होती ती आज 'एसडीसी' होऊ शकते. 'एफएसटॅब' या फाइलीत हे नाव लिहिण्याऐवजी डिस्कचा यूयूआयडी लिहा. तो असा बदलत नाही. 'ब्लॉकआयडी' म्हणजे 'बीएलकेआयडी' कमांडने तो मिळतो. सोबत 'नोफेल' लिहिलंत, तर डिस्क नसतानाही सर्व्हर सुरू होतो.

'बॅड सुपरब्लॉक' वाचून मात्र घाबरू नका. त्या एका वाक्यात माउंट चारपाच शक्यता एका दमात सांगून मोकळा होतो. नेमकं कारण 'डीमेसेज'च्या, म्हणजे 'डीएमइएसजी'च्या शेवटच्या ओळींत सापडतं. तिथे 'आय/ओ एरर' पुन्हापुन्हा दिसली, तर डिस्कच आजारी आहे. अशा वेळी दुरुस्तीची 'एफएससीके' चालवू नका. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. तशी एरर नसेल, तर डिस्क माउंट नसताना 'एफएससीके' चालवायला हरकत नाही. इएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवर सुपरब्लॉकच्या जादा प्रतीही ठेवलेल्या असतात.

आणि हो, ही डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावलीत, तर तो 'फॉरमॅट करू का?' विचारेल. त्याला इएक्सटी४ वाचता येत नाही, एवढंच. कॅन्सल दाबा.

फोटो दिसायला लागले की बॅकअप चालू करण्याआधी त्याच्या स्क्रिप्टमध्ये 'माउंटपॉइंट' कमांडची एक ओळ घाला: डिस्क जोडलेली नसेल, तर तिथेच थांब.