गावाला जनरेटर पाठवताय? मग हे वाचा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय थोडा तेलकट आहे, पण आपल्यातल्या अनेकांच्या खिशाशी आणि आई-वडिलांशी त्याचा संबंध येतो, म्हणून धीर करून लिहितो.

२१ मार्च २०२५ चा शुक्रवार आठवतोय ना? आदल्या रात्री नॉर्थ हाइड सबस्टेशनला आग लागली, हेज आणि आसपासच्या ६० हजारांहून अधिक ग्राहकांची लाईट गेली आणि हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद राहिलं. आमच्या ओळखीचे एक काका-काकू त्या सकाळी मुंबईला निघायचे होते. बॅगा भरून, लोणच्याच्या बरण्या परत मोजून, ते आमच्याकडे चहाला आले. काका म्हणाले, "एवढा मोठा विमानतळ, आणि साधा जनरेटर नाही? आमच्या सोसायटीच्या लिफ्टलासुद्धा आहे!"

मी काही बोललो नाही, कारण मी बोलायला लागलो की चहा थंड होतो. पण जनरेटर होते, आणि ते चालूही झाले. ते होते धावपट्टीचे दिवे, टॉवर अशा सुरक्षेच्या गोष्टींपुरते, अख्ख्या विमानतळासाठी नव्हेत. बाहेरून वीज तीन ठिकाणांहून येते, त्यातल्या दोन शाबूत होत्या. पण आतलं वीजजाळं त्या दोनांवर वळवायला आणि शेकडो यंत्रणा पुन्हा उठवून तपासायला तास न् तास गेले. जुलै २०२५ मध्ये आलेल्या अधिकृत अहवालात आगीचं मूळ सांगितलं आहे: ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा. आणि त्याची धोक्याची खूण २०१८ मध्येच तेलाच्या नमुन्यात दिसली होती! सात वर्षं ती कागदावर होती.

माझं म्हणणं असं की, वीज नसणं हा आता यंत्राचा प्रश्न फारसा उरलेला नाही. यंत्रं चांगली झाली आहेत. प्रश्न आहे तो यंत्राने दिलेली खूण कोण वाचतं याचा. हे मी हीथ्रोवरून शिकलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी ते शिकलो माझ्याच मामांच्या दवाखान्यात, स्वतः केलेल्या शहाणपणातून.

माझी थोडी पार्श्वभूमी. २००५ ते २००८ च्या लोडशेडिंगमध्ये माझी बारावी आणि कॉलेज झालं, सांगली जिल्ह्यात. इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालो, पहिली दोन वर्षं भोसरीत एका पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काढली, मग सगळ्यांसारखा आयटीत आलो आणि आता स्लावजवळ राहून डेटा सेंटरच्या मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे डिझेलचा वास सुटला, पण संबंध सुटला नाही. गंमत म्हणजे आम्ही भोसरीत ज्या नावांच्या पाट्या स्क्रूने बसवायचो ती इकडे गावं निघाली. स्टॅमफर्ड हे अल्टरनेटरचं नाव आहे असंच मला वाटायचं. ते लिंकनशायरमधलं देखणं दगडी गाव आहे. आणि मागे फायलीच्या समुद्रावर गेलो तेव्हा वाटेत हनमनबीची पाटी दिसली. जनरेटरच्या कंट्रोलरमध्ये जिचं नाव जगभर चालतं ती १९७५ पासूनची डीप सी इलेक्ट्रॉनिक्स इथलीच. मी गाडी हळू केली. बायको म्हणाली, "लोक यॉर्कशायरमध्ये किल्ले बघतात." (ह. घ्या.)

असो. मामांचा बारा खाटांचा दवाखाना आहे, बहुतेक बाळंतपणं. तिथे २५ केव्हीएचा डीजी सेट होता, आणि त्याला सांभाळणारे अण्णा. अण्णा म्हणजे वायरमन, थोडे कंपाउंडर, थोडे सगळंच. लाईट गेली की अण्णा टॉर्च घेऊन मागे जायचे, किल्ली फिरवून सेल्फ मारायचे, इंजिनाचा आवाज बसेपर्यंत थांबायचे आणि मग चेंजओव्हरचा दांडा खटकन खाली ओढायचे. दीड-दोन मिनिटं लागायची. मला ती दोन मिनिटं खुपायची. ऑपरेशन चालू असताना दोन मिनिटं म्हणजे काय! मी २०२२ च्या सुट्टीत मामांना म्हटलं, "तुम्ही फक्त हो म्हणा, पॅनेल माझ्याकडून." मामा हो म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑटो पॅनेलमध्ये पुस्तकाएवढा एक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. तो बाहेरच्या विजेवर सतत नजर ठेवतो. व्होल्टेज पडलं की लगेच धावत नाही, काही सेकंद वाट बघतो, कारण लाईट नुसती डोळा मारून परतही येते. मग इंजिनला सेल्फ देतो. चालू झालं नाही तर थोडी विश्रांती देऊन पुन्हा, असं साधारण तीनदा. इंजिनने वेग पकडला की सेल्फ सोडतो, ऑइल प्रेशर आणि तापमान बघतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बसली की लोड जनरेटरवर घेतो. लाईट परत आली की ती टिकते का ते बघून लोड परत देतो, आणि इंजिन थंड होण्यासाठी काही मिनिटं रिकामं चालवून बंद करतो. अण्णा हेच करायचे, फक्त ते वर "आली का गं लाईट?" असं विचारायचेही.

बसवताना मी जीव ओतला, हे नम्रपणे सांगतो. जनरेटरचा आणि बोर्डाच्या विजेचा फेजक्रम एकच आहे ना, ते आधी तपासलं, नाहीतर थ्री-फेज पंप उलटा फिरतो आणि टाकीत पाणी का चढत नाही म्हणून प्लंबरला बोलावलं जातं. दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी बसू नयेत म्हणून विजेचं इंटरलॉक घातलंच, शिवाय यांत्रिकही. सीटीच्या वायरी चालू लोडवर उघड्या पडता कामा नयेत, हे स्थानिक पोराला तीनदा सांगितलं. तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. पहिला सेल्फ डिझेल बंद ठेवून दिला: इंजिन चालू न होता कंट्रोलर तीन प्रयत्न करून थांबतो का आणि ओरडतो का, हे बघायला. ऑइल प्रेशरचा खोटा सिग्नल देऊन बंद पाडून पाहिलं.

सगळ्यात मजा फ्रिक्वेन्सीची झाली. मी आयटीतला माणूस, मला ५० म्हणजे ५० हवं. जास्तीची मर्यादा मी ५१.५ ला बांधली. इंजिन चालू झालं आणि दोन सेकंदांत 'ओव्हर फ्रिक्वेन्सी' म्हणून बंद. पुन्हा तेच. अण्णा मागे उभे होते. म्हणाले, "ते रिकामं असलं की जरा जोरात पळतंय. लोड आला की बसतंय खाली." बरोबर! साधा यांत्रिक गव्हर्नर आहे. रिकामं असताना ५२ आणि पूर्ण लोडवर ५० ही त्याची रीतच. पाठ्यपुस्तकात आम्ही त्याला 'ड्रूप' म्हणून चार मार्कांना लिहिलं होतं. अण्णांना ते कानाने माहीत होतं. मी आकडा वर सरकवला आणि गाडी चालली.

आकड्यांचं हे दुखणं लहानांचंच असतं असं समजू नका. ९ ऑगस्ट २०१९ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास इथे वीज पडली, त्यापाठोपाठ हॉर्नसी पवनक्षेत्र आणि लिटल बारफर्ड गॅसकेंद्रातून येणारी वीज एकदम घटली आणि देशाची फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत उतरली. दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले, पण पाऊण तासात सगळे परत जोडले गेले. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या रेल्वे. एका जातीच्या नव्या गाड्या ४९ च्या खाली गेल्यावर स्वतःला वाचवायला बंद पडल्या, आणि त्यातल्या कित्येक ड्रायव्हरला परत चालूच करता येईनात. लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ येईपर्यंत लोक मधेच अडकून. वायर तुटली नव्हती, यंत्र जळलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये कुलूप होतं आणि किल्ली जागेवर नव्हती.

आता माझी किल्ली कुठे होती ते सांगतो.

पॅनेल उत्तम चाललं. दहा-बारा सेकंदांत लाईट. मामा खूश, मी खूश. जुना चेंजओव्हर जागा अडवतो म्हणून काढला. अण्णांना मामांनी सांगितलं, आता रात्री थांबायची गरज नाही. अण्णा शेताकडे राहायला गेले. मी इथे चार जणांना "अरे, हजारो किलोमीटरवरून ऑटोमेशन केलं" असं सांगितलं, हेही कबूल करतो.

२०२३ च्या जुलैमध्ये सर्व्हिसवाला पोरगा आला. ऑइल, फिल्टर बदलले. काम करताना त्याने पॅनेल 'स्टॉप'वर ठेवलं, जे त्याने करायलाच हवं होतं. हात आत असताना इंजिन आपोआप सुरू झालं तर बोटं जातात. काम झाल्यावर ते 'ऑटो'वर परत करायचं राहिलं. कंट्रोलर गप्प बसला, कारण त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. यात त्याचा काडीचा दोष नाही.

चौथ्या दिवशी रात्री अकराला वादळात लाईट गेली. मामा सिझेरियनला उभे होते. थिएटरमधला छोटा यूपीएस सात-आठ मिनिटांत संपला. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती, आणि आता ऑटो आहे म्हणून ती बदलायचं सगळ्यांनी पुढे ढकललं होतं. इकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, मी गाडीतून भाजी काढत होतो. सिस्टरचा व्हिडिओ कॉल. मागे अंधार, कोणीतरी "टॉर्च धर, टॉर्च धर" म्हणतंय. मी म्हटलं, "सिस्टर, पॅनेलजवळ जा. कुठल्या बटणाशेजारी दिवा आहे?" त्या म्हणाल्या, "इंग्लिशमध्ये आहे सर, एस टी ओ..." मी पुढचं ऐकलं नाही. "ऑटो लिहिलेलं दाबा." त्यांनी दाबलं. पाच सेकंद काहीच नाही. मी माझ्याच बनवलेल्या त्या पाच सेकंदांचा एवढा राग कधी केला नव्हता. मग सेल्फचा आवाज आला.

एकंदर अकरा मिनिटं. त्यातली शेवटची तीन-चार मोबाइलच्या उजेडात. बाळ आणि आई दोघंही सुखरूप. मामा दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, तुझं मशीन चांगलं आहे. पण अण्णा विसरत नव्हता."

मला हे बरेच दिवस लागून राहिलं. आणि मी इथे कामावर काय बघतो? डेटा सेंटरचे जनरेटर ठरलेल्या दिवशी लोड टाकून चालवले जातात, नुसते रिकामे फुरफुरवत नाहीत. रिकामं चालवून फक्त इंजिन कळतं, कॉन्टॅक्टर बसतो का ते कळत नाही, शिवाय कमी लोडवर सतत चालवलं की एक्झॉस्टमध्ये न जळलेलं डिझेल साचतं. इथल्या इस्पितळांसाठीच्या एच.टी.एम. ०६-०१ या मार्गदर्शिकेतही लोडवर चाचणी घ्यायला सांगितलं आहे. हे सगळं मला पगारी माहीत होतं. मामांच्या दवाखान्यात मात्र मी डबा लावला आणि विमान पकडलं.

आपल्यापैकी पुष्कळजण हेच करतो, म्हणून हा प्रपंच. गावच्या शाळेला, देवळाच्या सभागृहाला, आई-बाबांच्या सोसायटीला आपण काहीतरी 'बसवून' देतो. बसवण्याचे पैसे एकदाच जातात, फोटो निघतो, पाटीवर नाव येतं. माणूस ठेवायचे पैसे दर महिन्याला जातात आणि त्याचा फोटो निघत नाही. मला कोणी विचारलं तर मी सरळ सांगतो: बजेट पाच लाखांचं असेल तर चार लाखांचा सेट घ्या आणि उरलेल्या लाखात तीन वर्षं अण्णांसारख्या कुणाला तरी महिना काहीतरी द्या. काहीजण म्हणतील, मग जुनं हॅन्डलच बरं होतं. अजिबात नाही. मध्यरात्री बारा सेकंद आणि दोन मिनिटं यात फरक आहे, आणि अण्णाही कधीतरी आजारी पडतील. मला दोन्ही हवेत.

आम्ही नंतर काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. बऱ्याच कंट्रोलरमध्ये 'ऑटोमध्ये नाही' असा आउटपुट ठेवता येतो. तो मी आधीच वापरायला हवा होता. आता पॅनेल ऑटोवरून हललं की सिस्टरच्या टेबलावर पिवळा दिवा लागतो आणि दहा मिनिटांनी बझर वाजतो. पॅनेलच्या दारावर मराठीत कागद चिकटवलाय: कुठला दिवा म्हणजे काय, आणि कुणाला फोन. यूपीएसला नवी बॅटरी, आणि तिच्यावर तारीख लिहिलेली. चेंजओव्हरचा दांडाही बायपास म्हणून परत लावला, इंटरलॉकसकट. सर्व्हिसवाल्याची सही पॅनेल ऑटोवर आहे हे बघूनच घ्यायची. आणि अण्णांना मी स्वतः फोन करून परत बोलावलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, म्हणाले, "शनिवारी येत जाईन, शेतातनं लांब पडत नाही."

दर शनिवारी ते मुद्दाम मेन स्विच पाडतात, अर्धा तास सगळा दवाखाना जनरेटरवर चालवतात आणि वहीच्या पानाचा फोटो मला पाठवतात. परवाचं पान: लोड ९ किलोवॅट, फ्रिक्वेन्सी ५१, ऑइल प्रेशर ४, बॅटरी १३.६, डिझेल पाऊण टाकी, पॅनेल ऑटो. खाली एक ओळ वेगळी होती: "सेल्फ जरा जड वाटला, बॅटरीचं टर्मिनल घासून घेतलं." कंट्रोलरने त्यावर काहीच अलार्म दिला नव्हता.

दारावरचा मराठी कागद आणि वहीच्या पानाचा नमुना कोणाला हवा असेल तर कळवा, पाठवतो. कंट्रोलर कुठल्याही कंपनीचा असला तरी थोडा फेरफार करून चालेल.

चू. भू. दे. घे.