परवाना आहे, पण गच्ची नाही

केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन हौशी रेडिओ केंद्राचा परवाना मिळविणाऱ्या नागरिकाला दूरदेशीच्या समानधर्म्यांशी बिनतारी संभाषण करण्याचा अधिकार प्राप्त होतो. मात्र तो ज्या इमारतीत राहतो, तिच्या गच्चीवर एक तांब्याची तार बांधण्याचा अधिकार त्या परवान्याने त्याला मिळत नाही. तार नसेल तर परवाना हा भिंतीवर टांगण्याचा कागद ठरतो. राज्यसंस्थेने एका हाताने द्यावे आणि गृहनिर्माण संस्थेने दुसऱ्या हाताने ते निष्फळ करावे, असा हा प्रकार आहे. तो वरवर किरकोळ वाटला, तरी सामायिक मालमत्तेचा विनियोग कोणी व कोणत्या तत्त्वावर करावयाचा, हा आपल्या शहरी जीवनातील एक मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एका निवृत्त सभासदाचा असा अर्ज आला होता. गच्चीच्या मध्यभागी एक खांब आणि त्यावरून दोन्ही बाजूंना उतरत जाणारी एक तार, एवढीच त्यांची मागणी होती. तारेमुळे इमारतीवर वीज पडेल, लहरींमुळे प्रकृती बिघडेल, गच्ची गळू लागेल, असे तीन आक्षेप निघाले आणि पाच मिनिटांत अर्ज फेटाळला गेला. त्याच सभेत एका मोबाइल कंपनीला गच्ची भाड्याने देण्याच्या कराराचे नूतनीकरण मात्र एकमताने मंजूर झाले. लेखक तेव्हा समितीचा खजिनदार होता आणि त्यानेही अर्जाच्या विरोधात हात वर केला होता. तो निर्णय चुकीचा होता, हे कळण्यास त्याला बराच काळ लागला.

आक्षेपांची छाननी

प्रथम ही वस्तू काय आहे हे समजून घेतले पाहिजे. हौशी रेडिओधारकांचा सर्वाधिक वापरातील अँटेना म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची, मधोमध तोडून केबलला जोडलेली तार. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी तिची एकूण लांबी सुमारे वीस मीटर भरते. १४ मेगाहर्ट्झसाठी सुमारे दहा. मध्यभागी आठ-नऊ मीटरचा एकच खांब उभारून दोन्ही टोके कठड्याकडे उतरती बांधली, की उलट्या ‘व्ही’च्या आकाराचा अँटेना तयार होतो. शहरातल्या शहरात बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तर अर्धा मीटर उंचीची दांडी आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीचे काही तुकडे पुरतात. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन सुरू झाल्यानंतरच्या वीस वर्षांत आपल्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांचे जे रान माजले होते, त्याच्या तुलनेत ही तार दिसतसुद्धा नाही.

आता आक्षेपांकडे वळू. तारेमुळे वीज ओढली जाते, ही समजूत बरोबर नाही. उंच इमारत स्वतःच विजेच्या वाटेत उभी असते. परंतु भूसंपर्क न केलेला खांब आणि थेट घरात आलेली केबल यांमुळे वीज पडल्यास नुकसान वाढते, हे खरे. खांबाला जाड तांब्याच्या पट्टीने स्वतंत्र भूसंपर्क देणे आणि वळवाचे ढग दिसताच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवणे, ही या धोक्यावरची सर्वमान्य खबरदारी आहे. गच्ची गळण्याचे भय स्लॅबला भोक पाडल्यास रास्तच आहे. म्हणून खांब जिन्याच्या खोलीच्या भिंतीला किंवा कठड्याला पट्ट्यांनी आवळावा, स्लॅबला हात लावू नये. प्रक्षेपण चालू असताना तारेला स्पर्श झाल्यास चटका बसतो. तेव्हा तिची टोके माणसाच्या हाताबाहेर असली पाहिजेत. प्रकृतीच्या आक्षेपाबाबत मात्र सभासदांची विसंगती उघडी पडते. मोबाइलचा मनोरा रात्रंदिवस प्रक्षेपण करतो. हौशी केंद्र त्याचा चालक बोलत असेल तेवढाच वेळ करते. मनोऱ्यांवर सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश एवढी कडक मर्यादा घातली, तेव्हा आपण निर्धास्त झालो आणि भाडे घेत राहिलो. म्हणजे आक्षेप लहरींना नव्हता. फुकटच्या लहरींना होता.

देखभाल ही नैतिक अट

याचा अर्थ रेडिओधारकाची बाजू निरपवाद आहे असा नाही. अँटेना एकदा बांधून विसरण्याची वस्तू नव्हे. वर्षभराच्या उन्हाने नायलॉनची दोरी ठिसूळ होते आणि पहिल्याच वादळात तुटते. केबलच्या तोंडातून पावसाचे पाणी शिरले, की ते आतल्या जाळीतून कित्येक फूट पसरते आणि शक्ती वाटेतच जिरते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडतात, लोखंडी पट्ट्या गंजतात. संक्रांतीनंतर तारेत मांजा अडकलेला असतो. म्हणून मे महिन्यात दोऱ्या, ताण, सांधे आणि भूसंपर्क तपासणे, जोडांवर जलरोधक पट्टी नव्याने गुंडाळणे आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा पाहणी करणे, हा क्रम चुकता कामा नये. सर्वांत कठोर नियम विजेच्या तारांबाबत पाळला पाहिजे. खांब कोणत्याही दिशेने आडवा झाला किंवा तार तुटून वाऱ्याने भिरकावली गेली, तरी विद्युतवाहिनीपर्यंत पोहोचणार नाही, एवढे अंतर मोजूनच जागा निवडावयाची असते. जो हे करीत नाही, तो आपल्या छंदाचा खर्च शेजाऱ्यांवर लादतो. आणि त्याला विरोध करण्याचा शेजाऱ्यांना पूर्ण अधिकार आहे.

कोसचा धडा

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या वादात एक ओळखीचा प्रश्न दिसतो. रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगावर एक निबंध लिहिला. रेडिओलहरींच्या परस्पर व्यत्ययाचा विचार करताना त्यांना असे दिसले, की उपद्रव हा एकतर्फी नसतो. ‘अ’ला रोखून ‘ब’चे रक्षण करावे, तर ‘अ’चे नुकसान होते. हाच विचार त्यांनी १९६० च्या सामाजिक व्ययावरील निबंधात विस्ताराने मांडला आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या गच्चीवर हा सिद्धान्त अक्षरशः लागू पडतो. रेडिओधारकाच्या तारेचा उपद्रव होईल, असे शेजारी म्हणतात. पण शेजाऱ्यांच्या घरांतील स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि गच्चीवरील सौर इन्व्हर्टर यांतून निघणारा विद्युतगोंगाट लघुलहरींच्या पट्ट्यात पसरून दूरचे क्षीण आवाज गिळून टाकतो. त्याबद्दल रेडिओधारकाने कोणत्या सभेत अर्ज करावा?

कोस यांचे म्हणणे असे, की वाटाघाटींना खर्च नसता, तर मूळ हक्क कोणाकडे आहे याने कार्यक्षमतेत फरक पडला नसता. प्रत्यक्षात वाटाघाटी महाग असतात. चाळीस सदनिकांच्या इमारतीत चाळीस जणांची समजूत घालावी लागते. लाभ कोणालाच ठळकपणे दिसत नाही, भीती मात्र प्रत्येकाला दिसते आणि ‘नाही’ म्हणण्यास काहीच पडत नाही. अशा ठिकाणी मूळ नियम ‘नकार’ हा असेल, तर रास्त मागणीसुद्धा मरते. म्हणून नियम कोणत्या बाजूने लिहिला आहे, यालाच महत्त्व येते.

लाभ कोणाचा?

मोबाइलच्या युगात या छंदाची सार्वजनिक उपयुक्तता काय उरली, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि रोजच्या व्यवहारापुरते त्याचे उत्तर ‘फारशी नाही’ असेच द्यावे लागेल. परंतु विम्याचे मूल्य रोजच्या दिवसावरून ठरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली आणि मुंबईच्या मोठ्या भागात दूरध्वनी मुके झाले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते आणि मनोऱ्यांना जोडणारी वाहिनी लागते. हौशी केंद्राला मोटारीची बॅटरी आणि तार पुरते. जानेवारी २००१ मधील भूजच्या भूकंपानंतर याच साधनांच्या बळावर हौशी रेडिओधारकांनी निरोपांची ने-आण केली.

सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओधारकांचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. त्या बेटांवरून जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधणे, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला, आणि छंदासाठी उभारलेले ते केंद्र बेटांवरील लोकांची खबर मुख्य भूमीला देऊ लागले. यातील मर्म असे, की अँटेना आपत्तीच्या आधी उभा होता आणि तो चालविणारे हात सरावलेले होते. आपत्ती आल्यावर सभेची सूचना काढून अँटेना बांधता येत नाही. हौशी रेडिओधारक हा विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरतो. समाजाने त्याला फक्त जागा द्यावयाची आहे. या लाभाला बाजारात किंमत नाही, म्हणून गच्चीच्या लिलावात तो मोबाइल कंपनीपुढे नेहमी हरतो.

नियम कसा असावा

आपला कायदा याबाबतीत एकांगी आहे. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. त्यात मार्गाधिकाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण ते दूरसंचाराची जाळी उभारणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. गच्चीवर एक तार बांधू पाहणारा हौशी माणूस त्यात कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. अमेरिकेत दूरसंचार आयोगाने १९८५ मध्येच असे ठरविले, की राज्य व स्थानिक शासनांनी हौशी रेडिओच्या अँटेनाला ‘वाजवी सामावून’ घेतले पाहिजे आणि निर्बंध किमान ठेवले पाहिजेत. मात्र हा निर्णय खासगी वसाहतींच्या करारांना लागू नाही, आणि ती उणीव भरून काढण्याचे विधेयक २०१६ व २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही त्याचा कायदा झाला नाही. तेथे जी उणीव राहिली, नेमकी तीच आपली मुख्य अडचण आहे. कारण आपली शहरे सोसायट्यांतच राहतात.

महाराष्ट्रात यावर उपाय अवघड नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली राज्य शासन गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी प्रसिद्ध करते. वैध परवाना असलेल्या सभासदास वाजवी आकाराचा अँटेना उभारू द्यावा; नाकारल्यास लेखी कारणे द्यावीत; आणि त्यांवर उपनिबंधकांकडे दाद मागता यावी, एवढे एक कलम त्यांत स्पष्ट शब्दांत असावे. त्याबरोबरच स्लॅबला धक्का न लावणे, भूसंपर्क, पावसाळ्यापूर्वीची वार्षिक पाहणी, त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा आणि परवाना संपल्यास स्वखर्चाने अँटेना काढणे या अटी सभासदावर बंधनकारक असाव्यात. एकाला दिले तर उद्या दहा जण मागतील, ही शंका तशी पोकळ आहे. एवढे परवानाधारक एका इमारतीत सापडणे कठीण, आणि सापडलेच तर त्यांनी एक खांब वाटून घ्यावा, असे संस्थेला म्हणता येईल.

आमच्या त्या निवृत्त सभासदांनी मध्यंतरी खिडकीच्या जाळीला एक आखूड तार बांधून पाहिली. दिव्यांच्या गोंगाटापलीकडे त्यांना फारसे काही ऐकू येत नाही. यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांचा अर्ज पुन्हा आला आहे, आणि या वेळी त्याला अनुमोदक म्हणून प्रस्तुत लेखकाची सही आहे. ठराव संमत होईलच असे नाही. पण निदान गच्चीच्या भाड्याचा हिशेब वाचताना, ज्या गोष्टीचे भाडे येत नाही तिचेही काही मोल असू शकते, एवढा विचार सभेने करावा.