मोठी चाकं, मोठे ब्रेक आणि चिखलदऱ्याचा घाट

आधीच सांगून टाकतो, हे वाचून आमच्या घरच्या पोट्ट्यांचे फोन आले तरी मी मत बदलणार नाही. सतरा इंची चाकं आणि लाल रंगाचे कॅलिपर लावले की गाडी स्पोर्ट्स कार होते, हा गोड गैरसमज आहे. सपाटीवर तो खपून जातो, चिखलदऱ्याच्या उतारावर नाही.

आधी चाकं. मूळ टायर १८५/६५ आर १५ धरा. व्यास साधारण ६२२ मिलिमीटर. त्याजागी २०५/४५ आर १७ बसवला तर ६१६, म्हणजे जवळपास तेवढाच. इथवर ठीक. पण टायरची बाजूची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर येते. त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की गाडी चटकन वळते, हे कबूल. पण आपल्याकडचे रस्ते काळ्या मातीवरचे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर तिच्या तालावर नाचतं. अशा खड्ड्यात जो धक्का रबराने सोसायचा तो रिम सोसते. मग रिम वाकते, टायरला फुगा येतो आणि रविवारी परतवाड्यात दुकान शोधत फिरावं लागतं.

शिवाय मोठं चाक सहसा जड असतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, वर फिरणारं. पळवायला इंजिनाला कष्ट, थांबवायला ब्रेकला.

काही महाभाग त्याहून पुढचे. गाडी भरीव दिसावी म्हणून २०५/५५ आर १७ घालतात. व्यास ६५७, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त. गिअर तेवढे लांब झाले, चढावर दम गेला. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जे धरून ठेवतं तेही ढिलं पडलं. आणि तेवढंच थांबायला ब्रेकला सहा टक्के जास्त जोर. पैसे देऊन ब्रेक कमजोर करून घेतले की हो!

बरं, वेगासाठी मोठं चाक लागतंच असंही नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत तेरा इंची रिमवर तीनशेच्या वर पळत होत्या. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ चौदा इंचावर होती आणि वळणं कशी घ्यावीत ते तिने जगाला दाखवलं.

आता ब्रेक. मोठी डिस्क म्हणजे गाडी लवकर थांबणार, असं भाचा मला ठासून सांगतो. "मामाजी, तुम्हाले समजत नाही." समजतं रे बाबा. पेडल दाबल्यावर एबीएस थरथरतं ना? म्हणजे चाक अडवण्याइतका जोर तुझ्या ब्रेकमध्ये आहेच. पुढे गाडी थांबवतो तो टायर, तळहाताएवढ्या चार रबरी ठिगळांवर. टायर गुळगुळीत आणि डिस्क नवी, हे म्हणजे चप्पल तुटलेली आणि वर रेशमी फेटा.

मोठी डिस्क कामाची आहे, पण उष्णतेसाठी. ती जास्त उष्णता पोटात घेते. आणि मोठी डिस्क मावायला मोठी रिम लागते, तेवढं एकच कारण मला पटतं.

हिशोब करू. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, पायथ्याचं परतवाडा त्याहून सातशे मीटर तरी खाली. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी खाली आणायची तर सुमारे ९६ लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. तेवढ्यात तीस लिटर थंड पाणी उकळेल. किंवा असं म्हणा, ताशी शंभरच्या वेगावरून अठरा वेळा करकचून थांबण्याइतकी ऊर्जा. गिअरमध्ये उतरलं तर यातला चांगला वाटा इंजिन घेतं. पण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे वीर आहेतच. त्यांचं सगळं ओझं ब्रेकवर.

आणि ब्रेक ऑइल? ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की ही मर्यादा १४० वर येते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दबते, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं. तिथे डिस्क तेरा इंची आहे की नऊ, काही फरक पडत नाही. रेसिंगचे पॅड तर जुलैच्या धुक्यात आणखी फसवे, तापल्याशिवाय धरतच नाहीत.

दर दोन वर्षांनी नवं ब्रेक ऑइल, चांगले टायर, नेहमीचे पॅड, आणि उतारावर दुसरा गिअर. याचा खर्च एका अलॉयच्याही आत बसतो. पण फोटोत दिसत नाही ना!

दिवाळीत भाचा गाडी घेऊन येतोय. चिखलदऱ्याला जाऊच, पण त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते त्याच्याकडून ऐकणार आहे.